पाठ टेकण्याचा दिवस

आखाड्यात पाठ टेकली की हार आणि घरी पाठ टेकली की विश्रांती. मराठी भाषेने या दोन्ही गोष्टींना एकच शब्द दिला आहे. आज पणजी, मडगाव, फोंड्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत जिम निघाल्या आहेत, आणि तिथे जाणारी तरुण मुले एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात : स्क्वॉट कुठल्या वारी करायचा, डेडलिफ्ट कुठल्या वारी, आणि मधे कंबरेला किती दिवस द्यायचे? प्रश्न साधा वाटतो. पण ओझे उचलणाऱ्या माणसाने ते खाली कधी ठेवायचे, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचा माग काढताना मला एक शहर वाटेत पुन्हा पुन्हा भेटते. ते म्हणजे तापीकाठचे बुऱ्हाणपूर.

बुऱ्हाणपूर म्हटले की आपल्याला मुमताजमहल आठवते. १६३१ साली तिचा मृत्यू इथे झाला आणि ताजमहालात जाण्यापूर्वी तिचा देह तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात ठेवला होता. फारुकी सुलतानांनी वसवलेले, खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव धारण करणारे हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला असीरगडाचा घाट, दक्षिणेला खानदेश. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत. उत्तरेतून दक्षिणेत किंवा दक्षिणेतून उत्तरेत जाणारा माणूस, मग तो बादशहा असो, व्यापारी असो की हमाल, इथे थांबत असे.

आपल्या गोव्याचा माणूसही इथे येऊन गेला आहे. अकबराने असीरगडाला वेढा घातला तेव्हा जेरोम झेवियर आणि बेंतो द गोइश हे जेझुइट त्याच्या छावणीत होते. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि त्याच वर्षी अकबराने गोव्याच्या व्हाइसरॉयकडे वकील पाठवला. त्या वकिलाबरोबर बेंतो द गोइश गोव्यात आला. पुढे काबूल, यारकंदमार्गे चीनपर्यंत गेलेला तो हाच. म्हणजे बुऱ्हाणपूर ते गोवा ही वाट चारशे वर्षांपूर्वीही वहिवाटीची होती.

या वाटेवर ओझी वाहणारे कोण होते? मुख्यतः बैल. इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६३० च्या सुमारास सुरत-बुऱ्हाणपूर-आग्रा या मार्गाने गेला. त्याला वाटेत वंजाऱ्यांचा एक तांडा दिसला. १४,००० बैल, सगळ्यांच्या पाठीवर धान्य. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए बुऱ्हाणपूरहून गेला. त्याने इथल्या तलम कापडाच्या व्यापाराची नोंद केली आणि बैलाच्या पाठीवर ३०० ते ३५० लिव्र ओझे असते असेही लिहिले. आजच्या हिशेबाने हे दीडशे किलोच्या वर झाले. एवढे ओझे नेणारा तांडा दिवसाला किती चालत असेल? मंडी सांगतो, फार तर सहा-सात मैल.

सहा-सात मैल! माणूस एवढे अंतर दोन-अडीच तासांत चालून जातो. मग हा तांडा उरलेला दिवस काय करी? गोण्या उतरवल्या जात आणि बैल चरायला सोडले जात. वंजाऱ्याचा सगळा संसार बैलाच्या पाठीवर होता. पाठ सोलली की बैल गेला, आणि बैल गेला की धंदा गेला. त्यामुळे रोजचा मजल-दरमजलचा हिशेब पाठीवरून ठरे. पाय किती चालू शकतात याला महत्त्व नव्हते, पाठ किती सोसते याला होते. वेटलिफ्टिंगच्या आजच्या वेळापत्रकाचे तत्त्व नेमके हेच आहे.

ओझ्याची निवड करावी लागते हेही या शहराने पाहिले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरलगतच्या बहादूरपुऱ्यावर धाड घातली. लूट इतकी होती की सोने-जवाहीर घेऊन भांडीकुंडी, काचसामान, मसाले वाटेवर टाकून द्यावे लागले, असे मोगल इतिहासकार सांगतात. वेगाने जायचे तर जड ओझे नाही, आणि जड ओझे न्यायचे तर वेग नाही. दोन्ही एकाच दिवशी साधत नाहीत.

या परिसराचे व्यायामाच्या इतिहासाशी आणखी एक नाते आहे आणि ते फारसे कोणाच्या लक्षात नसते. पेशवाई कुठे संपली असे विचारले तर आपण शनिवारवाडा म्हणतो. पण दुसरा बाजीराव प्रत्यक्ष शरण आला तो इथे, असीरगडाच्या आसमंतात, धूळकोटजवळ. जून १८१८ च्या पहिल्या आठवड्यात त्याने जॉन माल्कमच्या स्वाधीन होऊन वर्षाला आठ लाखांचा तनखा पत्करला. मग तो उत्तरेत ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेला. त्याच्याबरोबर एक विद्याही उत्तरेत गेली. ती मल्लखांबाची.

बाळंभटदादा देवधर हे बाजीरावाच्या पदरचे मल्ल. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांशी लढण्याचे आव्हान त्यांनी स्वीकारले, तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले आणि तिथे त्यांना मल्लखांबाची विद्या गवसली, अशी परंपरागत हकीकत आहे. बिठूर आणि काशीत त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या रुजवली.

मल्लखांब ओझ्याचा व्यायाम नाही. खांबावर मल्ल स्वतःचेच वजन उचलतो. कण्यावर वरून भार पडत नाही. पाठ वाकते, वळते, ताणली जाते. ज्या मल्लाने आदल्या दिवशी जोड मुद्गल फिरवले, शेकड्यांनी बैठका काढल्या, त्याला दुसऱ्या दिवशी खांबावर घातले तर त्याच्या शरीराला वेगळे काम मिळते. जुन्या तालमीने ही अदलाबदल पिढ्यानपिढ्या सांभाळली.

ती त्याहूनही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. हा सोमेश्वर गोव्याला परका नाही. आपला कदंब राजा दुसरा जयकेशी याने सोमेश्वराची बहीण मैलळदेवी हिच्याशी विवाह केला होता, म्हणजे नात्याने तो मेहुणाच. त्याच्या ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. भारश्रम म्हणजे वजनाची मेहनत, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, सलिलश्रम म्हणजे पाण्यातली मेहनत, बाहुपेलणक म्हणजे हातांची झुंज आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरची. पाचांपैकी भार फक्त एकात आहे. चालणे आणि पाण्यातली मेहनत यांत कंबरेवरचा भार हलका होतो, हे आजचा फिजिओथेरपिस्टही सांगतो.

आयुर्वेदाने याला एक माप दिले. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात की बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा; वाग्भट तर तोही थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगतो. अर्धी शक्ती कशी ओळखायची? श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबायचे. आजच्या स्पर्धक खेळाडूला हे माप पुरणार नाही. पण उद्यासाठी काही शिल्लक ठेवून उठायचे, ही त्यातली अक्कल अजून शिळी झालेली नाही.

तालमीत हे सगळे कागदावर लिहिलेले नसे. तिथे वस्ताद असे. शनिवारी मारुतीची पूजा व्हायची. हौद्यातली लाल माती खोदून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू कालवले जायचे. मालीश हा मेहनतीचाच भाग होता. कोणाच्या कंबरेत उसण भरली आहे हे वस्तादाच्या नजरेला चालण्यावरून कळे आणि तो त्या पोराला त्या दिवशी बैठका न देता माती खोरायला किंवा दुसऱ्याचे अंग चोळायला लावी. बडोद्याचे राजरत्न माणिकराव व्यायामगुरू होते आणि हाडवैद्यही होते. शरीर घडवणारा आणि दुरुस्त करणारा हात एकच होता. त्यांच्याकडेच शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढून योगाभ्यासाचा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. बडोद्यातूनच करंदीकर-मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. मराठी माणसाने या विषयावर थोडे लिहिलेले नाही.

मग आजच्या मुलांना प्रश्न का पडतो? कारण बारबेल आली, पण वस्ताद तिच्याबरोबर आला नाही. १९०२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ॲलन कॅल्व्हर्टने वजन कमी-जास्त करता येणारी बारबेल विकायला सुरुवात केली. ती टपालाने मागवून माणूस घरच्या घरी व्यायाम करू लागला. त्याच्याकडे बघणारे कोणी नव्हते, म्हणून त्याला छापील वेळापत्रक द्यावे लागले. सल्ला होता एक दिवसाआड व्यायामाचा. वस्तादाच्या नजरेची जागा कॅलेंडरने घेतली ती अशी.

पुढे वजने वाढत गेली तसे एक दिवसाआडही पुरेना. १९७६ साली बिल स्टार या अमेरिकन प्रशिक्षकाने एका पुस्तकात सोमवारी जड, बुधवारी हलके, शुक्रवारी मध्यम अशी मांडणी लोकप्रिय केली. व्यायाम तेच, पण मधला दिवस मुद्दाम हलका. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगने तर कंबरेसाठी आपला नियमच बदलला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत स्नॅच आणि क्लीन अँड जर्कबरोबर प्रेस हा तिसरा प्रकार होता. छातीवरचे वजन नुसत्या हातांच्या बळावर डोक्यावर न्यायचे. खेळाडू वजन वर जावे म्हणून कंबरेत मागे इतके वाकू लागले की पंचांना निकाल देणे कठीण झाले आणि पाठीला धोका वाढला. म्युनिकनंतर हा प्रकार काढून टाकला गेला.

आता शरीराचा हिशेब पाहू. कण्याच्या दोन्ही बाजूंनी माकडहाडापासून मानेपर्यंत स्नायूंच्या लांब दोऱ्या जातात. माणूस उभा राहतो तो त्यांच्या जोरावर. स्क्वॉटमध्ये मांड्या काम करतात, पण खांद्यावरचे वजन पुढे कलू नये म्हणून या दोऱ्या ताठ राहतात. डेडलिफ्टमध्ये तर त्यांचेच मुख्य काम. वाकून बारबेल ओढतो तेव्हा त्याच, आणि उभ्याने वजन डोक्यावर नेतानाही त्याच. म्हणून पायांचा दिवस वेगळा, पाठीचा वेगळा, खांद्यांचा वेगळा असे वहीत कितीही लिहिले, तरी कंबर सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज कामावर असते. घरात पाहुणे आलटून पालटून जेवायला येतात, पण चूल एकच असते, तसे हे आहे.

जड मेहनतीनंतर स्नायूला सावरायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. कण्याच्या मणक्यांमधल्या चकत्यांची गोष्ट आणखी वेगळी. रात्री आडवे झाल्यावर त्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. उठल्यावरच्या पहिल्या तासात त्या फुगलेल्या असताना खाली वाकून ओझे उचलणे सर्वांत वाईट. पहाटे उठून लगेच डेडलिफ्ट करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आधी चालून यावे, अंग मोकळे करावे, मग वजनाला हात लावावा.

यातून एक आठवडा असा बसवता येतो. सोमवारी जड स्क्वॉट. मंगळवारी बाकावर आडवे पडून छातीचा व्यायाम आणि दांड्याला लटकून पुल-अप, म्हणजे कंबर मोकळी. बुधवारी वजन नाही, फक्त चालणे किंवा पोहणे. आपल्याला तर समुद्र आणि नदी दोन्ही हाताशी आहेत. गुरुवारी डेडलिफ्ट, आणि ती आठवड्यातून एकदाच जड. शुक्रवारी विश्रांती. शनिवारी हलके स्क्वॉट आणि खांद्यांचा बसून, पाठ टेकून करायचा व्यायाम. रविवारी सुट्टी. दोन जड दिवसांमध्ये तीन दिवसांचे अंतर राहते, तेवढे सांभाळले की वार कुठलेही चालतील. चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा वजन बरेच उतरवावे. आणि कंबरेतली कळ पायात उतरू लागली, पाय बधिर झाला किंवा बळ गेले, तर वेळापत्रकाशी खेळत न बसता डॉक्टरकडे जावे.

मोठ्यातला मोठा खेळाडूही यातून सुटत नाही. मीराबाई चानू २०१७ साली जगज्जेती झाली, एप्रिल २०१८ मध्ये तिने राष्ट्रकुल सुवर्ण घेतले, आणि त्याच वर्षी कंबरेच्या दुखण्याने तिला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला मुकावे लागले. २०२० साली ती अमेरिकेत सेंट लुईसला ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. ते स्वतः वेटलिफ्टर राहिलेले फिजिओथेरपिस्ट. आपल्या जुन्या हाडवैद्य-वस्तादांचीच ही जात म्हणायची. जुलै २०२१ मध्ये टोकियोत तिने ८७ आणि ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले.

इथवर झाली ती ज्याला वार निवडता येतो त्याची गोष्ट. ज्याला निवडता येत नाही त्याचे काय?

बुऱ्हाणपूर आज मागांचे आणि केळीचे शहर आहे. १९०६ साली इथे ताप्ती मिल निघाली, पुढे गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडू लागले. जिल्ह्यात केळीच्या बागा दूरवर पसरल्या आहेत. केळीचा घड वीस-पंचवीस किलोंचा सहज भरतो. तो बागेतून खांद्यावर काढायचा आणि ट्रकमध्ये चढवायचा, एकामागून एक, दिवस मावळेपर्यंत. वजन जिममधल्या बारबेलपेक्षा कितीतरी हलके. पण जिममधला मुलगा पाच वेळा उचलून तीन मिनिटे बसतो, आणि घड उचलणाऱ्याला बसायला मिळत नाही. त्याची सोमवारची कंबर मंगळवारीही तीच असते.

त्याचा सुट्टीचा दिवस कोणी कॅलेंडरवर छापून दिलेला नव्हता. तो भांडून मिळवावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना जमवून आठवड्याच्या सुट्टीसाठी लढा दिला आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवार म्हटला की चर्चची घंटा किंवा मासळीबाजार आठवतो. गिरणी कामगाराच्या कंबरेला तो लोखंड्यांमुळे लाभला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि पाठीवरच्या गोणीच्या वजनाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

हा कायदा महाराष्ट्राचा. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. शेजारचे रावेर जळगाव जिल्ह्यात. दोन्हीकडे केळी तीच, तापी तीच, आणि खानदेशी बोली पुष्कळशी तीच. मधे राज्याची सीमा आहे आणि माथाडी कायदा तिथे थांबतो. ज्या गावाजवळ वंजारी आपला बैल सहा-सात मैल चालवून त्याच्या पाठीवरची गोणी उतरवीत होता, त्या गावातल्या माणसाच्या पाठीचा हिशेब कुठला कायदा लागू आहे यावर अवलंबून असावा, हे मला विचित्र वाटते.

आपल्याकडेही वेगळे नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहाटे ट्रकमधून गोणी उतरवणारी माणसे पाहा. जिममध्ये जाणारी आपली मुले तिथूनच गाडीवरून जातात. वेळापत्रक आखणाऱ्या या मुलांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी सोमवार-गुरुवारचा हिशेब नीट शिकावा, कंबर सांभाळावी, खुशाल दोनशे किलो उचलावे. एवढे शिकल्यावर तांदळाची गोणी घरपोच आणणाऱ्या माणसाला दारात क्षणभर थांबवावे, पाणी द्यावे आणि गोणीचे दुसरे टोक आपण धरावे. डेडलिफ्टची पद्धत त्यांना येतेच. पाय वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची आणि ओझे अंगाजवळ धरायचे. तीच पद्धत गोणीलाही लागू पडते.